ऱ्हाईनवर दिलेला सल्ला

करामा, दुबई
१४ ऑक्टोबर २०११

प्रिय वासू,

तुझी मेल येऊन बारा दिवस झाले. उत्तर तीनदा टाइप केलं नि पुसलं. आज शुक्रवारची सुट्टी गाठून शेवटी कागद घेतला.

आम्ही ठीक. डिस्कव्हरी गार्डन्सचं घर सोडून इथे आलो. शुभ्राला मराठीत हाक मारली की ती इंग्रजीत ओ देते. ऑफिसात निम्मी टेबलं रिकामी, त्यामुळे एचआरच्या माणसाला कामही निम्मंच. मी जातो, बसतो, परत येतो. बरं वाटत नाही, वाईटही वाटत नाही. विभावरीने धरून डॉक्टरकडे नेलं, तर साखर नॉर्मल निघाली.

ऱ्हाईनवरची ती दुपार आठवते? दोन हजार नऊचा एप्रिल, आपण चौघं वरच्या डेकवर पांघरुणं गुंडाळून बसलो होतो. दोन्ही काठांना उभ्या उतारावर द्राक्षमळे आणि दर वळणाला एक किल्ला. स्पीकरवरची बाई किल्ल्याचं नाव सांगायची आणि तू त्याला नापास करायचास. म्हणे, असले तीन राजगडाच्या एका माचीवर मावतील. मुग्धाने काढलेला चिवडा शेजारच्या जर्मन आजोबांनीच संपवला. विभावरी तर रडली, इतकं सुंदर म्हणून. मी फोटो काढत होतो. फोटो चांगले आलेत. तेव्हा काही वाटलं नव्हतं, आताही बघून काही वाटत नाही.

व्हिसासाठी तुझं एनओसी माझ्याच सहीचं होतं: रजा संपल्यावर हे कामावर रुजू होतील. सही केली तेव्हा ते खरं होतं. निघायच्या आदल्या दिवशी साहेबांनी कामावरून काढायच्या लोकांची यादी हातात दिली. चौतीस नावं, तुझं एकोणिसावं. 'घूम के आओ, संडे को खलास करेंगे,' म्हणाले. आणि मी कुठे बोललो तर पस्तिसावं नाव माझं, असंही.

डेकवर तू माझ्याजवळ खुर्ची ओढलीस. दोहाच्या कंपनीने तुला नोकरी देऊ केली होती, संध्याकाळपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. मुग्धाचे गाण्याचे क्लास दुबईत नुकते जमले होते, तिचा पाय निघत नव्हता. तू सांगशील तसं करतो, म्हणालास. मी समोरच्या किल्ल्याकडे बघत म्हटलं, चांगलं चाललंय आपलं, कशाला हलतोस. तू तिथूनच फोन करून नाही म्हणालास आणि एकदम हलका झालास. मग आपण सूप मागवलं. रविवारी नोकरी संपल्याचं तुझं पत्र मीच तुझ्या हातात दिलं, आणि वेड्या, तू मलाच धीर दिलास. मलाही त्याच दिवशी कळलं असं तू समजून चाललास. अडीच वर्षं मी तुला तसंच समजू दिलं.

तू लिहिलंयस, सिद्धांतला नोकरी पुण्यातही मिळतेय आणि दुबईतही. महिनाअखेरीस तो मला फोन करणार, आणि सूर्याकाका म्हणेल तेच करायचं, असं तू त्याला बजावून ठेवलंयस. वासू, ते वाचलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं. लाज वाटली. हे वाचूनही त्याला माझा नंबर द्यावासा वाटला, तर दे. नाही वाटला, तर का नाही ते त्याला सांग. माझी अब्रू झाकत बसू नकोस. त्याच्या फोनआधी पोचावं म्हणून हे कुरियरने पाठवतोय.

तुझाच,
(नको असेल तर हा शब्द खोड)
सूर्यकांत