तीनशे फ्रेमा आणि साहेबांचं पत्र

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. विशेषतः हिला.

फ्रेमच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाईक नाही. लग्नाचे फोटोसुद्धा लोक आता मोबाईलमध्येच ठेवतात. समोरचं चपलांचं दुकान काल बंद झालं. पेपरवाले याला मंदी म्हणतात. माझ्या मते मंदी मनात असते. हे मत मेहुण्याला ऐकवलं. तो म्हणाला, भावोजी, मनातली मंदी तुमच्या गल्ल्यात कशी शिरली?

संकल्प एक: मेहुण्याशी राजकारण बोलायचं नाही.

दुकानाचं भाडं थकलंय. मालक काका येऊन गेले. वडिलांचे दोस्त. वडिलांनी दुकान भाड्याने घेतलं तेव्हा पहिली फ्रेम यांनीच केली होती म्हणे, म्हणजे करवून घेतली होती. भाड्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दारात उभे राहून नुसता गुडघा चोळत होते. ऑपरेशन करायचंय म्हणाले. चांगला माणूस. घाईतला नाही.

५ फेब्रुवारी
मुख्यमंत्री, म्हणजे आमचे साहेब, टीव्हीवर आले. प्रत्येक घराला सरकारकडून थेट बँकेत रक्कम. लोकांनी खर्च करायची, बाजार हलवायचा. अंगावर काटा आला.

मेहुणा नेमका जेवायला होता. म्हणाला, मागच्या सरकारने असेच पैसे वाटले तेव्हा तुम्ही भीक म्हणाला होतात. म्हटलं, ती भीकच होती. हे प्रोत्साहन आहे. तो म्हणाला, फरक काय? म्हटलं, फरक देणाऱ्याच्या दानतीत असतो. तो हसत बसला. संकल्प एक उद्यापासून.

हिचं म्हणणं एकच. पैसे आले की आधी काकांचं भाडं. मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

६ फेब्रुवारी, सकाळी, दाढी करताना
सुचलं.

पेपरात आलंय की पैशांबरोबर प्रत्येक घरी साहेबांच्या सहीचं पत्र येणार. फोटोसकट. आता विचार करा. पैसे काय, आज आहेत उद्या नाहीत. पत्र राहणार. एवढ्या मोठ्या माणसाचं पत्र कोणी ड्रॉवरमध्ये टाकत नाही. भिंतीवर लावणार. भिंतीवर नुसतं चिकटवणार नाही. आणि गावात फ्रेमवाले दोनच. एक मी, दुसरा तो टाकीजवळचा, ज्याच्या फ्रेमांचे कोपरे सहा महिन्यांत दात विचकतात.

दाढी अर्धीच झाली. दुपारी लक्षात आलं.

८ फेब्रुवारी
साहेबांनी टीव्हीवर पत्राचा नमुना हातात धरला. पटकन टेप लावली. अंगठ्याएवढं भरलं. टीव्हीत सगळंच लहान दिसतं हे गृहीत धरायला हवं होतं. मग साहेबांच्या पार्टी ऑफिसला फोन केला. ज्याने उचलला तो म्हणाला, साधा लेटरसाईज हो, तुम्हाला कशाला? मी म्हटलं, राष्ट्रकार्य. त्याने ठेवला.

हिशोब: गल्लीत आणि मागच्या सोसायटीत मिळून हजारभर घरं. निम्मी विरोधकांची धरून सोडून दिली. उरलेल्यांतून कंजूष वजा. तीनशे फ्रेमा. हा सर्वांत कमी आकडा.

आजपासून पट्ट्या कापायला सुरुवात. काळी पट्टी शिल्लक होती, तीच लावली. हात अजून तसाच बसतो. कोपऱ्यात नख शिरत नाही.

१९ फेब्रुवारी
पैसे आले नाहीत. युतीत तीन पक्ष. बाकीच्या दोघांचं म्हणणं, तिजोरी सगळ्यांची मग फोटो एकाचाच का? त्यावर बैठका चालल्या आहेत. पत्र छापून होईपर्यंत रक्कम सोडायची नाही असं ठरलंय. योग्यच आहे. पैसा आधी आणि पत्र मागून असं झालं तर माणसाला कळणार कसं कोणाचे आभार मानायचे?

औषधवाल्याकडे गेलो होतो. शेजारचंच दुकान. तो म्हणाला, लोक रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या करून खातायत, निम्म्याच नेतात. मी त्याला फोटोचा प्रश्न समजावून सांगितला. त्याने मला न मागता ॲसिडिटीची गोळी दिली.

२५ फेब्रुवारी
तोडगा निघाला. तिघांचे फोटो ओळीने. उभ्या कागदावर मावेनात म्हणून पत्र आडवं.

माझ्या फ्रेमा उभ्या.

घाबरण्याचं कारण नाही. फ्रेम फिरवली की आडवी होते. फक्त हुक बाजूला जातो. म्हणजे फक्त हुक काढून पुन्हा ठोकायचे. आतापर्यंत झालेल्या सगळ्या फ्रेमांचे. ही म्हणाली, पत्र हातात येईपर्यंत थांबला असतात तर? बायकांना धंद्यातला वेग कळत नाही.

४ मार्च
रक्कम जमा झाली. बँकेच्या बाहेर रांग. लोकांचे चेहरे बघून खरंच भरून आलं. एक बाई पासबुक दोनदा भरून घेत होती, खात्री म्हणून.

पैसे काढले. सरळ काकांकडे निघालो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. वाटेत पट्टीचा होलसेलवाला भेटला. सोनेरी पट्टी आली आहे म्हणाला. काळ्या फ्रेमेत साहेब बरे दिसतील का, असं त्याने विचारलं. मला तो विचारच सुचला नव्हता. काळी फ्रेम म्हणजे माणूस गेल्यासारखा. अपशकुनच.

सोनेरी घेतली. काकांना दुप्पट देता येईल, थोडं मागून. याला गुंतवणूक म्हणतात.

हिने विचारलं, आले का पैसे? म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. खोटं नाही. कुठला ना कुठला सर्व्हर डाऊन असतोच.

११ मार्च
हिला कळलं. औषधवाल्याने सांगितलं म्हणे, की आमच्या अख्ख्या ओळीत सगळ्यांचे पैसे चार तारखेलाच जमा झाले. त्याच्याकडे गर्दी मावत नाही. लोक पुऱ्या गोळ्या नेतायत.

मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. दुकानात आली, सोनेरी पट्ट्यांचा ढीग पाहिला, एक उचलून बघितली आणि होती तशी ठेवली. एवढंच म्हणाली की, मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाहीत ना. मी उत्तर तयार करेपर्यंत ती गेली होती.

संकल्प दोन: हिला सगळं सांगायचं. पत्रं आली की.

१३ मार्च
ही औषधवाल्याकडे काउंटरला बसू लागली. त्याला गर्दीमुळे माणूस हवं होतं. बरं झालं, तेवढाच बदल. घरात बसून माणूस चिडचिडं होतं.

डबा आता माझा मीच भरतो. आज विसरलो.

१८ मार्च
पत्रं आली. घरोघर, एकाच दिवशी. काय कागद आहे. जाड, गुळगुळीत, मागची बाजू कोरी. तीन फोटो, तीन सह्या, आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी. आमचं पत्र सोनेरी फ्रेममध्ये घालून दुकानाच्या काचेत लावलं. बोर्ड लिहिला: पत्र आणा, फ्रेम न्या.

पाच वाजेपर्यंत एक मुलगी आली. तिला चष्म्याची फ्रेम हवी होती.

२३ मार्च
निरीक्षणासाठी फेरी मारली. पत्रांचं काय चाललंय ते डोळ्यांनी बघितलं.

औषधवाल्याकडे लोक पत्राच्या पाठीवर गोळ्यांची नावं लिहून आणतात. कागद चांगला आहे, पेन छान चालतं असं म्हणाले. शिंपीण त्यावर कॉलरचा नमुना कापते. मेहुण्याने चार घड्या करून जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली घातलंय. मला मुद्दाम टेबल हलवून दाखवलं. म्हणाला, भावोजी, काय वाटेल ते म्हणा, पण सरकारने आधार दिला.

मी त्याला एवढंच म्हणालो की लोक अजून भारावलेले आहेत, जरा सावरू देत. मग तासभर राजकारण बोललो. आवाज चढला. भावाकडे आलेली ही आत निघून गेली.

२७ मार्च
होलसेलवाला माल परत घेत नाही. टाकीजवळच्या फ्रेमवाल्याला अर्ध्या किमतीत विचारलं. तो म्हणाला, मी दुकान काढून टाकलं, आता मोबाईलचे कव्हर विकतो. चला, स्पर्धक संपला.

पार्टी ऑफिसला तीनशे फ्रेमांचा प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं. छापील आभार. तेच तीन फोटो.

३१ मार्च
आज विक्री झाली. शांतपणे लिहितो.

काका स्वतः आले. गुडघा धरत पायरी चढले. भिंतीभर लावलेल्या फ्रेमा बघत बराच वेळ उभे राहिले. वडिलांचं नाव घेतलं. मग म्हणाले, एक दे. सोनेरीच दे. मी म्हटलं, काका, तुमच्याकडून कसले पैसे, भाड्यात वळते करा. तर नाही म्हणाले. रोख दिले, वर सुटे पण घेतले नाहीत. भाड्याचा विषयच निघाला नाही.

जाताना त्यांनी विचारलं, बाहेर उन्हात लावली तर टिकेल का? म्हटलं, काका, दहा वर्षं हलणार नाही. ते काहीतरी बोलणार होते. त्याऐवजी डोळे पुसले. साहेबांबद्दल एवढा जिव्हाळा असेल असं कधी वाटलं नव्हतं.

काकांनी घराबाहेर लावली की गल्ली बघणार. गल्लीने बघितलं की सोसायटी. हिला काउंटरवर जाऊन सांगितलं. ती बिल करत होती. मान वर न करता म्हणाली, बरं झालं. पण तिचा चेहरा बरा झाल्यासारखा नव्हता. कामाचा ताण.

२ एप्रिल
काकांची फ्रेम दिसली.

माझ्याच शटरवर. आडवी. काकांच्या अक्षरात: दुकान भाड्याने देणे आहे. चौकशीसाठी संपर्क. खाली फोन नंबर. काच स्वच्छ पुसलेली.

उतरवून उलटी केली. पाठीचा हार्डबोर्ड काढला. आत साहेबांचंच पत्र. कोऱ्या बाजूवर लिहिलेलं, तिन्ही फोटो आतल्या बाजूला, हार्डबोर्डाकडे तोंड करून. लोक पत्र फ्रेम करतील असं मी म्हटलं होतं. केलं.

हे मेहुण्याला सांगणार नाही.

काका रस्त्यापलीकडे उभे होते. मग आले. म्हणाले, परवा तोंडाने सांगायला आलो होतो, तुझ्या बापाचा चेहरा तुझ्यात दिसला आणि जीभ उचलेना, म्हणून फ्रेम घेतली. हॉस्पिटलवाले आधी पैसे भरा म्हणतात. मला सरकारकडून मिळालेले पैसे तपासण्यांतच गेले. मी म्हटलं, काका, तुमचं बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यावर पुढे काही जोडलं नाही.

चौकशीला पहिला औषधवाला आला. त्याला गोडाऊन हवंय. ओशाळला होता. हिने सांगितलं की तिला परवाच काउंटरवर कळलं होतं, मला कसं सांगावं ते कळेना. म्हणजे आता फिट्टंफाट झाली, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही. फार वाईट वाटलं. वडिलांच्या पट्टी कापायच्या मशीनला हात लावून बसलो होतो, तेव्हा तिने माझा डबा आणून पुढे ठेवला. भरलेला.

संध्याकाळी फ्रेम परत शटरवर लावायची होती. काकांनी लावली होती तेव्हा एका अंगाला कलली होती, त्यांना स्टुलावर चढता येत नाही. हिने स्टूल धरलं. मी हुक काढला, दोन बोटं सरकवून ठोकला आणि खाली उतरून लांबून बघितलं. ही म्हणाली, आता सरळ आहे.