केळीचे कंद चिरण्याचा दिवस

बाबा, आमचं काम संपलं. मर रोगाला दाद न देण्याचा गुण केळीच्या कोणत्या गुणसूत्रावर, साधारण कुठल्या जागी असतो, ते आता आम्हाला दाखवता येतं. लॅबमध्ये पेढे वाटले. मीही एक खाल्ला. विशेष काही वाटलं नाही.

गौलीगुड्याच्या केळ्यांच्या वखारीत तुमचा डबा घेऊन मी यायची. आत उकाडा, कच्च्या केळ्यांचा वास, आणि घड वाहून वाहून चिकानं काळा पडलेला तुमच्या शर्टाचा खांदा. माय कितीही घासायची, तो डाग जात नसे. तुम्ही घडावर नुसता हात ठेवायचात आणि म्हणायचात, "ह्यो परवा पिकतो." तो परवाच पिकायचा. मला नोकरी लागली ते सांगायला आले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात जेवत होता. "काम कशावर हाय?" मी म्हटलं, केळीवर. तुमचा घास हातातच राहिला. "तीस वर्षं म्या घड वाहिले, ते तू बी केळ्यातच राहावी म्हणून?" त्यानंतर तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोलायचात. पण एके दिवशी सुलतान बाजारातून पांढरं कापड आणून माझ्यासाठी कोट शिवून घेतलात. "चीक लागतो," एवढंच म्हणालात.

तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही समजावून सांगितलं नाही. बियांनी भरलेल्या रानकेळीशी खायच्या केळीचा संकर करायचा, त्यातून आलेली रोपं रोगट मातीत लावायची. काही सुकतात, काही तग धरतात. तगलेल्यांमध्ये आतून काय सारखं आहे ते शोधायचं. त्यासाठी ठरलेल्या दिवशी प्रत्येक रोपाचा कंद उभा चिरून, रोगाचे तांबूस डाग आत किती पसरले ते लगेच लिहावं लागतं. उशीर झाला तर हवेनंच कंद तांबूस पडतो, मग रोग कुठला आणि हवा कुठली ते कळत नाही.

कंद चिरण्याच्या त्या दिवशी दुपारी मायचा फोन आला. तुम्ही वखारीत कोसळला होता, दवाखान्यात नेलं होतं. अर्धे कंद चिरायचे राहिले होते. लॅबमधली सोबतची मुलगी म्हणाली, "मॅडम, आप जाओ ना, मैं कर लेती." तिला ते येत होतं. मी हो म्हटलं आणि पुढचा कंद घेतला. मग आणखी एक. शेवटच्या कंदाची नोंद केली, हात धुतले, आणि निघाले. पोचले तेव्हा तुमच्यावर चादर ओढलेली होती. माय म्हणाली, "मघापर्यंत होते गं. निघाली का, म्हणून दोनदा इचारलं."

मी तिला सांगितलं, नामपल्लीला ट्रॅफिकमध्ये अडकले. ती अजून तेच सगळ्यांना सांगते, पोरीचा काय दोष म्हणते. त्या दुपारच्या नोंदी चांगल्या निघाल्या, सगळ्या कामात घेतल्या.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, मायला तर नाहीच. बाबा, त्या दिवशी नामपल्लीचा रस्ता मोकळा होता.