एक्केचाळीस मिनिटं

१९ नोव्हेंबर

ह्यांनी माझ्या कम्प्युटरची चांगली चालती रॅम काढून भारी टाकली! स्पीड तोच, टायमिंग म्हणे कमी — छत्तीसच्या जागी तीस. आकडा कमी असला की रॅम जल्दी उत्तर देते म्हणे. चार हजार जादा! मी दोन महिन्यांपासून पाठ टेकायला खुर्ची मागून राह्यले. लग्नाचे व्हिडिओ जोडता जोडता कंबर धरते. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन उश्या — हा माझा थाट! पण "तुझं काम हलकं व्हावं म्हणून आणली," म्हणले. ह्यांचं तोंड असं खुललं होतं की काय बोलणार?

२० नोव्हेंबर

वाटूरच्या लग्नाचा जुन्या रॅमवर बनवलेला व्हिडिओ नव्या रॅमवर परत बनवून पाह्यला. आधी बनायला एक्केचाळीस मिनिटं लागली होती. आता चाळीस मिनिटं पन्नास सेकंद. दहा सेकंदांसाठी चार हजार! तेवढ्यात ह्यांचा कम्प्युटरच्या दुकानातून फोन — "फरक पडला का?"

"लई!" सुटलंच तोंडातून.

२४ नोव्हेंबर

माहेरी, केदारखेड्याला गेल्ते दोन दिवस. आले तर कम्प्युटर आतून-बाहेरून पुसून ठेवलेला. एवढा जीव लावतात, अन् मी थापा मारून राह्यले. आज परत विचारलं. मी म्हणले, "पळतंय नुसतं!" हे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२७ नोव्हेंबर

कंबर. उठवेना.

२८ नोव्हेंबर

शेजारची सत्यशीला दुकानात आली. शिवणकाम करून पैसे जमवले, आता फोटोचं काम सुरू करणार. मी ह्यांचा डबा घेऊन तिथंच. "सोमेश्वरदादा, मला पण वंदनाताईसारखी तीसचीच रॅम द्या. ताई म्हणल्या पळतंय!"

आता गप बसले असते तर पाप लागलं असतं. "नको बाई," म्हणले, "दहा सेकंदांचा फरक आहे. साधी घे. उरलेल्यात बसायला चांगली खुर्ची घे."

ह्यांच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाई. घरी हे जेवतानाही खाली मान घालून जेवले, बिलकुल बोलले न्हाई. पहिल्याच दिवशी खरं सांगायला पाहिजे होतं. लई चुकलं माझं.

२९ नोव्हेंबर

जालन्याच्या एसटीतून खुर्ची उतरली! उंच पाठीची. हे म्हणले, "तू माहेरी गेल्तीस तेव्हाच ती रॅम परत केली, त्याच पैशात ही मागवली. मी पण मोजलं — दहाच सेकंद. तेव्हापासून जुनीच चालू आहे. अन् तू म्हणती, पळतंय!"

काल रागावले नव्हते — हसू दाबून राह्यले होते.