पुढच्या जागेवरचं वल्हं

नाशिक, १ सप्टेंबर २०२४

ती. उज्वलाताईंना,
मंजुषाचा शि. सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोन केला की तुम्ही ‘बागेत आहे’ म्हणून ठेवून देता, म्हणून पोस्टमनला कामाला लावलं.

उन्हाळ्यापासून बोट क्लबात तुमचं पाऊल नाही. दसऱ्याला होड्यांची पूजा झाली की पहिली फेरी आपल्या नणंद-भावजयीची. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्या वाळूनानांपर्यंत सगळे त्यानंतरच गोदावरीत उतरतात. सेक्रेटरी संतोष रोज विचारतो, ताई येणार ना? काय सांगू? माझं काही चुकलं असेल तर कान धरा, पण अबोला नको.

तुमच्या लोभावर तरंगणारी,
मंजुषा

निफाड, ८ सप्टेंबर

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

अबोला धरायला मी काय नवी नवरी आहे? द्राक्षांची छाटणी तोंडावर आलीय, मजूर मिळत नाहीत, आणि रविवारच्या एसटीत हाडं खिळखिळी होतात. यंदा मला धरू नकोस. माझ्या जागी क्लबातल्या त्या पिंकीला बसव. पोरगी लहान असली तरी ताल सांभाळते.

लग्न होऊन आलीस तेव्हा बादलीभर पाण्यालाही भ्यायचीस. आता कुणाचीही गरज नाही तुला. गणपतीला तुझ्या हातचे मोदक नव्हते, तेवढं मात्र चुकल्यासारखं वाटलं.

आशीर्वाद आहेतच, वाद घालू नकोस.
उज्वलाताई

नाशिक, २२ सप्टेंबर

ती. ताईंना,
शि. सा. न.

वाद घालणार आहे. तुमचा स्वराज गणपतीला येऊन गेला. लेक तुमच्यासारखा नाही, पोटात काही ठेवत नाही. तुमचा खांदा आखडलाय, डावीकडचं वल्हं मारायला डॉक्टरांनी मनाई केलीय, उजवीकडचं चालेल म्हणाले, सगळं सांगून गेला. आपल्या होडीत डावं वल्हं पुढच्या, म्हणजे तुमच्या जागेला, आणि पुढची बसते तिच्या तालावर मागचीने चालायचं. ती जागा सोडायची म्हणून तुम्ही होडीच सोडताय ना? मला राग आला आणि रडूही आलं.

तेव्हापासून मी पिंकीबरोबर डावं वल्हं शिकतेय. परवा दोघी पाण्यात पडलो, पोरं हसून लोळली. तुम्ही माझ्या मागे, उजवं वल्हं घेऊन बसा. शिकायचं वय गेलं म्हणाल, तर मीही हेच म्हणाले होते तेव्हा तुम्ही मला दंडाला धरून नदीवर नेलं होतं. मला पिंकीबरोबर जायचं नाही, तुमच्याबरोबर जायचंय.

रविवारी एसटी स्टँडवर उभी असलेली,
मंजुषा

निफाड, १५ ऑक्टोबर

चि. सौ. मंजुषास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. खांदा ठीक आहे. दसऱ्याची फजिती मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. सराव करूनही अख्ख्या क्लबादेखत मी सवयीने माझ्याच तालात वल्हं मारलं आणि होडी जागच्या जागी फिरली. वाळूनानांनी काठावरून विचारलं, प्रदक्षिणा घालताय का. तू मागे वळलीही नाहीस. एवढंच म्हणालीस, की ताई, आता माझ्या मागून या. भावजयीने असं बोलावं आणि मी मुकाट ऐकावं, हे आईने बघितलं असतं तर दोन दिवस जेवली नसती!

मागच्या जागेवरून पुढचीची पाठ दिसते. इतकी वर्षं तू माझी बघितलीस. सरावाचे रविवार माझे लाजण्यात आणि चिडण्यात गेले, तुझी पाठ मी दसऱ्यालाच नीट बघितली. वेणी केवढीशी राहिलीय गं. आणि डावं वल्हं ओढताना तुझाही खांदा वर उचलला जातो, तू मान आवळून घेतेस. दुखतंय, आणि बोलत नाहीस. मला रागावलीस आणि स्वतः तेच करतेस?

रविवारी मी येतेय. आधी त्याच डॉक्टरांकडे जायचं, मग पाण्यावर. जागा तुझीच आहे, मी मागत नाही. जरा सावकाश मार, एवढंच.

तुझ्या मागून येणारी,
उज्वलाताई