चार चौकटी आणि आईची शाल

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनीचा खोकला यांची चौकशी यथावकाश करीन, आधी गाऱ्हाणे. आईचा फोटो घरी छापण्यासाठी तू पाठवलेल्या आलेखाला चार चौकटी आहेत आणि एकीवरही क्रमांक नाही. ज्याला अथ नाही की इति नाही असा ग्रंथ बत्तीस वर्षे संस्कृत शिकवूनही माझ्या पाहण्यात आला नव्हता.

तुझ्या फोननंतर अन्वय लागला. पहिल्या चौकटीत आईवरच्या उजेडाची निगेटिव्ह होते, दुसरीत ती एन्लार्जरमधून मोठी होऊन जाते, तिसरीत कागदावर उतरते, आणि चौथीत निकाल: खरी आई आणि छापलेली आई यांत किती अंतर पडले. कागदाच्या चौकटीसाठी तू म्हणालास तशी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत गडद होत जाणारी एकवीस करड्या पायऱ्यांची पट्टी छापली आणि तुझ्या नमुनापट्टीशी डोळ्यांनीच ताडली. (प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण, यंत्र कशाला?) सोळावीच्या पुढे सगळा काळोख. साहजिकच चौथ्या चौकटीत रेघ शेवटी आडवी झाली, म्हणजे गडद छटांत फरकच उरला नाही, आणि आईने स्वतः विणलेली काळी शाल म्हणजे डांबराचा गोळा. तिचा हा एकच फोटो, म्हणून हट्टाला पेटलो. कागद बदलला, डेव्हलपरचे रसायन बदलले, दुकानदाराशी भांडलो. तो म्हणे, याच खोक्यातला कागद सगळे नेतात, तक्रार तेवढी सरांची. (एन्लार्जर तुझा, त्यामुळे मनातल्या मनात तुझाही उद्धार झाला.) न्हाणीघरात दोरीवर चौदा आया वाळत आहेत, आणि ही विचारते, अंघोळ करू की आधी सासूबाईंची परवानगी घेऊ?

काल हिने त्यातला एक फोटो खिडकीपाशी नेऊन शालीच्या घड्या मोजल्या. पाच. काठाची वीणही दिसते म्हणाली. मी म्हटले, आठवते म्हणून दिसते तुला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा ती शाल विरून गेली होती. मी ती कधी पाहिलीच नाही."

मी विषय बदलला. तर, वहिनीचा खोकला कसा आहे?

तुझा धाकटा

ता. क. आलेख परत पाठवतो आहे. त्याची काही चूक नाही. कागदाचीही नाही.

पुन्हा ता. क. हिला न सांगता पट्टी दुकानदाराला दाखवली. त्याने एकोणीस पायऱ्या भराभर मोजल्या. मी उजवा डोळा झाकला तेव्हा सोळा मोजल्या. डावा झाकला तेव्हा अकरा. दादा, डॉक्टरांकडे एकट्याने जायची भीती वाटते. गुरुवारी येशील?