पावणेसहापर्यंत चाललेलं भाषण

१२ मे १८७३, सोमवार
आज पुन्हा कुत्र्यासमोर भाषण! अकरा वर्षं झाली सेप्टिमसला पार्लमेंटात बसून, आणि तिथल्या छापील वृत्तांतात माझ्या नवऱ्याच्या नावावर एक वाक्य नाही. मतदारसंघात लोक सरळ 'मुका मेंबर' म्हणतात. कुत्रा ऐकता ऐकता घोरायला लागला. "हा सरकार पक्षाचा दिसतोय," सेप्टिमस म्हणाला. मी इतकी हसले!

१३ मे
टॅमसिन आज डोळे पुसत स्वयंपाक करत होती. तिचा भाऊ इनॉक कार्डिफला खलाशी आहे. करारावर सही करून बसलाय आणि जहाज निघालं कुजकं. आता नाही म्हटलं तर तुरुंग — कायदाच तसा. तो बदलायचं विधेयक उद्या येतंय, सेप्टिमसच्याच पक्षाचं.
"बाईसाहेब, साहेबांना म्हणावं, उद्या तरी तोंड उघडा!"
सांगितलं. बिचारा जेवलाच नाही.

१४ मे, बुधवार
बोलला! मी वर, बायकांच्या सज्ज्यात, जाळीला नाक लावून. आधी अडखळला. मग म्हणाला, "मोडक्या पुलावर आपण घोडाही घालत नाही, माणसं कशी घालतो?" — आणि जो सुटला! मी तर रडतच होते.

विधेयकाचे विरोधक गालातल्या गालात हसत होते, ते मला उशिरा कळलं. बुधवारी पावणेसहाला चर्चा बंद. तेव्हा कुणी बोलत असेल तर मतदान नाही, विधेयक बारगळलं. विरोधक मुद्दाम अशी लांबण लावतात. आमच्या शहाण्याने स्वतःच लावली! शेजारचा मित्र कोट ओढत होता, "बस! अरे, खाली बस!" — याला वाटलं, शाबासकी देतोय. सभापती उठले. संपलं.

घरी टोपीसकट खुर्चीत बसून राहिला. "लव्हिनिया, मी मुकाच बरा होतो गं." असा राग आला, आणि अशी माया!

१५ मे
सगळ्या वर्तमानपत्रांत भाषण अथपासून इतिपर्यंत — निव्वळ चेष्टेसाठी. टॅमसिनने अंडी आदळली. मी निमूट खाल्ली.

२० मे
जहाज सुटलं. टॅमसिन आमच्याशी बोलत नाही.

२९ मे
बुडालं. कुणीही वाचलं नाही. सेप्टिमस दार लावून बसलाय. स्वयंपाकघरात जायची मला हिंमत होत नाही.

३० मे
इनॉकची बायको कार्डिफहून आली. इनॉक जिवंत आहे — तुरुंगात! धक्क्यावरच्या गुत्त्यात कुणीतरी टिंगल म्हणून ते भाषण मोठ्याने वाचलं. इनॉक जहाजावर चढलाच नाही. त्याच्याबरोबर आणखी सहाजण. "म्हणाला, आपल्यासाठी बोलताना ज्याला घड्याळाचंही भान राहिलं नाही, त्याचं ऐकायला हवं." टॅमसिनने पिठाच्या हातांनीच सेप्टिमसला मिठी मारली.