झाकण नसलेली मतपेटी

आदरणीय भावजींना सादर नमस्कार.

तुमची कंबर आता वाकते का आणि ताईचा खोकला गेला का, हे आधी कळवा. इकडे वर्कशॉपमधली सहा टेबलं, अठरा स्टुलं, हत्यारांचं कपाट (बावीस कप्पे, एकही खिळा नाही), प्रमुखाची खुर्ची आणि शेवटी मतपेटी, हे सगळं मी कुणाकडे न शिकता या दोन हातांनी केलेलं आहे आणि ठणठणीत आहे. मी सोडून.

आमच्या कारागिरांच्या संस्थेत अकरा वर्षं माझा शब्द शेवटचा होता. दाराला रंग द्यायचा तर सकाळी मी ठरवायचो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत रंग वाळलेला असायचा. मग मंडळींना दर वर्षी प्रमुख निवडायची हुक्की आली. म्हटलं, निवडा. कोण येणार हे मला ठाऊकच होतं, म्हणून पेटीही मीच केली. सागवानी, फट बरोबर तीन मिलिमीटर, चिठ्ठी जाईल पण बोट जाणार नाही. लबाडीला वाव नको म्हणून सांधे असे बसवले की सुई शिरू नये. मतं टाकून झाल्यावर लक्षात आलं, पेटी उघडायला झाकण करायचंच राहिलं. शेवटी करवत मीच घेतली आणि अर्धा तास स्वतःचा पराभव कापत बसलो. माझ्यासमोर उभा राहिलेला आमचा गादीवाला अकरा, मी सात (त्यात एक माझंच).

ज्याला काटकोन आणि कोपरा यांतला फरक कळत नाही, तो गादीवाला. माझ्या खुर्चीत तरी नीट बसावं, तर तेही नाही. ती भिंतीला लावून हा स्टुलावर सगळ्यांत बसतो. दाराच्या रंगावर त्याने तीन बैठका घेतल्या. आमची पॉलिशवाली अकरा वर्षांत माझ्याशी "बरं" याखेरीज बोलली नव्हती, ती त्याला तोंडावर म्हणाली, "अहो, तुमच्या हिरव्या रंगाने दाराला शेवाळ धरल्यासारखं दिसेल." हात वर झाले, हिरवा पडला, आणि हा गृहस्थ चक्क हसला. दुसऱ्या दिवशी स्वतः ब्रश घेऊन निळा देत होता. भावजी, त्याला चार मतं जास्त पडली ते मी गिळलं. पण त्याला हरून हसता येतं आणि माणसं त्याला शेवाळ म्हणतात, याने माझा जळफळाट होतो. मला कुणी कधी म्हटलं नाही. (माझा तपकिरी, आता वाटतं, जरा जास्तच तपकिरी होता.)

असो. मला काही फरक पडत नाही. निळा दोन ठिकाणी ओघळलाय, मी पट्टी लावून पाहिलं.

तुमचा मेहुणा

ता. क. तुम्ही युनियनमध्ये तीनदा निवडून आलात आणि एकदा पडलात. मत मागायला गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते लिहून पाठवा. निवडणुकीला दहा महिने आहेत. (नव्या पेटीला झाकण केलंय, पितळी बिजागऱ्यांचं.) जागा उरली तर पडल्यावर काय बोलायचं, तेही.

ता. क. दुसरा. हे ताईला सांगू नका. पलीकडच्या फर्निचर कारखान्याचा मालक येऊन गेला. निवृत्तीपर्यंत मुख्य कारागीर, शब्द माझाच शेवटचा, बैठका नाहीत, मतदान नाही. महिना पंचेचाळीस हजार. मी नको म्हटलं.